एच-१बी व्हिसावर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) कन्सल्टन्सीत रुजू होतोय, पण प्रोजेक्टच नाही. तोवर पगार मिळेल का?

मिळायलाच हवा. प्रोजेक्ट शोधणं ही कंपनीची डोकेदुखी, तुमची नाही. अमेरिकेत एच-१बीवर उतरल्यापासून ३० दिवसांत (तिथेच राहून स्टेटस बदललं असेल तर ६० दिवसांत) पगार सुरू करावाच लागतो, तोही निदान एलसीएवरच्या (तुमचा पगार नमूद करून कंपनीनं अमेरिकी श्रम खात्यात भरलेला अर्ज) दरानं. त्याआधी कामावर हजर झालात, तर त्या दिवसापासून. ‘सध्या बेंचवर आहेस, क्लायंट मिळाला की बघू’ हे कायद्यात बसत नाही. स्वतःहून सुट्टी घेतलीत तर गोष्ट वेगळी.

हजर झाल्याची ईमेल जपून ठेवा, एलसीएची प्रत मागून घ्या. ती देणं त्यांना बंधनकारक आहे. पिटिशनची (कंपनीनं तुमच्या व्हिसासाठी करायच्या अर्जाची) फी तुमच्याच खिशातून मागत असतील, तर मी तरी तिथे जाणार नाही. पगार अडवलाच तर १२ महिन्यांच्या आत अमेरिकी श्रम खात्याकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरून तक्रार करता येते.