उणे २५ च्या थंडीत स्वतःच्या गाडीने स्कीइंगला जायचंय, काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पाच तासांचा रस्ता आहे, दोन रात्रींचा मुक्काम, गाडी उघड्यावरच राहणार आणि अंदाज उणे २५ चा, तर जावं की ट्रिप पुढे ढकलावी. रस्ते चालू असतील आणि वादळाचा इशारा नसेल तर जा की! फक्त सगळे जण काळजी करतात ती रस्त्याची आणि गाडी दगा देते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पार्किंगमध्ये. चालती गाडी गरम असते, रात्रभर उभी राहिली की मग तिची खरी परीक्षा.

आमचं अगदी हेच झालं. रात्री उणे २८ होतं, सकाळी चौघंही स्कीचे कपडे चढवून तयार, चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. बॅटरी पाच वर्षांची, पण घरी रोज एका झटक्यात गाडी सुरू व्हायची त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. थंडीत दोन्हीकडून मार बसतो, उणे १८ च्या आसपास बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. शेजारच्या गाडीवाल्याने जम्पर केबल लावून दिली म्हणून निभावलं, तरी अर्धा दिवस गेलाच. तेव्हा निघायच्या आधी बॅटरी टेस्ट करून घ्या, चार वर्षांच्या वर असेल तर मी तर सरळ बदलेन. केबल स्वतःची ठेवा. आणि हो, पूर्ण उतरलेली बॅटरी आतून गोठू शकते, ती फुगलेली दिसली तर तिला जम्प द्यायच्या भानगडीत पडू नका, फुटते.

दुसरी फजिती हँडब्रेकची. चाकं ओल्या बर्फाने माखलेली असताना खेचून ठेवला आणि सकाळी मागची चाकं जागची हलेनात. सपाट जागा बघून गाडी गियरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचाच नाही. वायपर उभे करून ठेवायचे. काच साफ करायला गरम पाणी अजिबात ओतू नका, तडा जातो, स्क्रेपर घ्या. छपरावरचा बर्फही झाडून टाका बरं का, आळस केला तर पहिल्याच ब्रेकला तो सगळा घसरून समोरच्या काचेवर येतो.

रस्त्यावर मी खरा घाबरलो ते वेगळ्याच कारणाने. पुढच्या ट्रकने मीठमिश्रित चिखल उडवला, मी काचेवर फवारा मारला आणि वायपर एकदा फिरेपर्यंत अख्खी काच पांढरीफटक, दिसणं बंद. काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीत उन्हाळ्यातलं साधं पाणी शिल्लक होतं आणि त्यावरच मी हिवाळ्याचं लिक्विड ओतलेलं, म्हणजे ते पातळ झालं. आधी टाकी पूर्ण रिकामी करा, मग उणे ३० किंवा त्याखाली चालणारं लिक्विड भरा आणि दोन-चार फवारे मारून पाइपमधलं जुनं पाणीही बाहेर काढा.

टायर विंटरचेच हवेत, साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि मग पकड मिळत नाही. हवा तपासा, दर साडेपाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणजे २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३३ भरली तर तिकडे उणे २५ मध्ये जेमतेम २५ उरते. बर्फासाठी टायरवर चढवायची चेन नेणार असाल तर घरी एकदा घालून काढून बघा, कारण अंधारात बधिर बोटांनी पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

स्कीचे बूट डिकीत टाकू नका. प्लास्टिक इतकं ताठ होतं की पाय आत जातच नाही, माझा मित्र पार्किंगमध्ये एका पायावर उड्या मारत वीस मिनिटं बुटाशी झटत होता (आम्ही हसत होतो, मग आमची पाळी आली). बूट आत, पायाशी, हीटरजवळ. संध्याकाळी परतताना मात्र कपड्यांवरचा बर्फ बाहेरच झटका आणि ओले हातमोजे गाडीत सोडू नका, नाहीतर तीच ओल रात्री काचेला आतून चिकटून गोठते. चालवताना हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा, काचा लवकर मोकळ्या होतात. जाडजूड जॅकेट घालून सीटबेल्ट लावू नका, पट्टा सैल राहतो, मुलं असतील तर हे जास्तच महत्त्वाचं. जॅकेट काढून अंगावर पांघरा.

कुठे अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा, तोंड बुजलेलं असलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वासही नसतो. अधूनमधून दहा मिनिटं इंजिन चालवायचं, एक खिडकी किंचित उघडी. इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली कधीच जाऊ देऊ नका, ब्लँकेट हाताशी ठेवा, फोन आतल्या खिशात.

गाडी पेट्रोल की डिझेल ते लिहिलं नाहीत. डिझेल असेल तर घरून टाकी फुल्ल करून नेऊ नका, थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. डोंगराजवळच्या पंपावर हिवाळ्याचं डिझेल मिळतं, तिथे पोचल्यावर, गाडी रात्री उभी करायच्या आधीच भरा. सकाळी भरू म्हणाल तर तोवर उशीर झालेला असतो.