मुलींच्या वाढत्या वयाचे चित्रपट पाहताना

नाशिकमध्ये आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र चित्रपट पाहतो; त्या अनुभवावरून सुचवतो, की तुम्ही सुरुवात ‘वाजदा’ या सौदी अरेबियातल्या चित्रपटाने (२०१२) करावी. दिग्दर्शिका हैफा अल मन्सूर यांनी तो रियाधमध्ये चित्रित केला आणि रस्त्यावर पुरुषांबरोबर उघडपणे काम करणे कठीण असल्याने तिथली दृश्ये व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून दिग्दर्शित केली. वाजदा या मुलीचा सायकलीचा हट्ट सर्वांच्या लक्षात राहतो; तुम्ही मात्र वंशावळीचे दृश्य नीट पाहा. तिथे केवळ पुरुषांची नावे असल्यामुळे वाजदा चिठोऱ्यावर स्वतःचे नाव लिहून लावते आणि पुढे ते काढलेले तिला दिसते. ते पाहून आमच्यातल्या एका काकूंना त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची, घराण्याच्या पिढ्यांची नावे नोंदलेली नामावळ आठवली, जिच्यात त्यांनी आपल्या आजीचे नाव शोधले होते आणि ते सापडले नव्हते.

त्यानंतर प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) आवर्जून पाहा. म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा तो संसार मान्य करण्यास ठाम नकार देते. दोन्ही चित्रपटांत बंधने घालणाऱ्या आणि सोसणाऱ्या घरातल्या बायकांकडेही लक्ष द्या, कारण मला तरी खरी गुंतागुंत तिथेच दिसते.