'स्ट्रँडेड' आणि 'ट्रॅप्ड' यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ 'अडकलेला'च ना?
'स्ट्रँडेड' म्हणजे वाटेतच अडकून पडलेला, पुढे जायची सोय न उरलेला. 'स्ट्रँड' हा किनाऱ्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द (जर्मनमध्ये चौपाटीला आजही 'श्ट्रांट'). किनाऱ्याला रुतलेलं जहाज ते स्ट्रँडेड. माणसांना तो शब्द नंतर चिकटला. ठाणे स्टेशनात लोकल बंद, बाहेर रिक्षावाले नुसती मान हलवतायत, पुलावर ओली छत्री धरून आपण उभे: हे स्ट्रँडेड. दार न उघडणाऱ्या लिफ्टमध्ये ट्रॅप्ड, कारण 'ट्रॅप' म्हणजे सापळा. सीमा पक्की नाही हं. जुलै २०१९मध्ये वांगणीजवळ पुराने वेढलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या प्रवाशांना दोन्ही शब्द चालतात. बोलताना सरळ 'स्टक' म्हणा, 'स्ट्रँडेड' जरा पेपरी वाटतो.