‘हू’ आणि ‘हूम’ यांपैकी नेमके काय वापरावे?

‘हू’ म्हणजे ‘कोण’ आणि ‘हूम’ म्हणजे ‘कोणाला’ असे पाठ करूनही इंग्रजी वाक्ये का चुकतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चुकीचे मूळ या पाठ केलेल्या जोडीतच आहे. इंग्रजीत हा शब्द कर्ता असेल तर ‘हू’ येते आणि क्रियापदाचे किंवा ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’ यांसारख्या शब्दाचे कर्म असेल तर ‘हूम’ येते. मराठीतील प्रत्ययांची वाटणी याहून वेगळी आहे. ‘हे कोणाला माहीत आहे?’ या वाक्यात ‘ला’ असला, तरी इंग्रजीत ‘हू नोज धिस?’ असेच म्हणावे लागते, कारण तेथे जाणणारी व्यक्ती कर्ता आहे. ‘कोणाला भूक लागली आहे?’ याचेही ‘हू इज हंग्री?’ असेच होते. उलट ‘तुम्ही कोणाची वाट पाहत आहात?’ या वाक्यात ‘ला’ कोठेच नाही, तरीही नियमाप्रमाणे ‘हूम आर यू वेटिंग फॉर?’ हेच बरोबर आहे.

म्हणून पडताळा इंग्रजीतच घ्यावा. प्रश्नाचे उत्तर ‘ही’ या सर्वनामाने देता आले तर ‘हू’, आणि ‘हिम’ने देता आले तर ‘हूम’. ‘हिम’, ‘देम’ आणि ‘हूम’ या तिन्हींच्या शेवटी असलेला ‘म’ हा जुन्या चतुर्थी विभक्तीचा अवशेष आहे, त्यामुळे ही खूण भरवशाची आहे.

खरी कसोटी लागते ती वाक्यात दुसरे वाक्य शिरते तेव्हा, आणि तेथे चांगले लिहिणारेही फसतात. ‘द ऑफिसर हू आय बिलीव्ह साइन्ड द लेटर’ यात ‘आय बिलीव्ह’ पाहून ‘हूम’ लिहिण्याचा मोह होतो. पण ते दोन शब्द बाजूला ठेवले की सही करणारा अधिकारी हाच ‘साइन्ड’चा कर्ता असल्याचे दिसते, म्हणून ‘हू’. ‘द ऑफिसर हूम आय मेट’ यात मात्र भेटणारा मी आहे आणि अधिकारी कर्म आहे. त्याचप्रमाणे ‘गिव्ह इट टू हूएव्हर कम्स फर्स्ट’ यात आधी ‘टू’ असूनही ‘हूमएव्हर’ चालत नाही, कारण ‘कम्स’ला कर्ता हवा.

बोलण्यात ‘हू डिड यू मीट?’ सर्रास चालते. ‘हूम’ हळूहळू नाहीसे होईल, असे भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्येच लिहिले होते. तरीही परीक्षेत, अर्जात आणि औपचारिक पत्रात ‘हूम’ अवश्य सांभाळावे, आणि ‘टू’ किंवा ‘विथ’च्या लगेच पुढे तर ते टाळूच नये. इतरत्र शंका फिटली नाही तर ‘हू’ लिहावे, कारण कर्त्याच्या जागी घातलेले ‘हूम’ वाचणाऱ्याला अधिक खटकते.