पाकीट पोचतं, पुढे काय?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जव्हार-मोखाड्याकडे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून रुजू होते आहेस, छान वाटलं. आधी कुठली रजिस्टरं बघू, असं विचारलंयस. रजिस्टरं बघशीलच गं, ती आजवर कोणालाच चुकलेली नाहीत. पण मी तुझ्या जागी असते, तर प्रत्येक अंगणवाडीत सेविकेला आधी एवढंच विचारलं असतं : तीन वर्षांखालची पोरं या वेळेला कोणाकडे असतात?

तीन ते सहाची मुलं आपल्याला दिसतात. बडबडगीतं म्हणतात, साहेब आले की उभी राहतात. शिजवलेला आहार त्यांच्या ताटात पडतो. त्याहून लहानांचं कोरड्या आहाराचं पाकीट आई घरी नेते, वजन मोबाइलमध्ये भरलं जातं, की आपल्या लेखी काम संपलं. ते पाकीट घरात चार तोंडांत वाटलं जातं, हे तुला लवकरच कळेल. आई भाताच्या खाचरात, आणि मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो ती हीच वर्षं, आणि नेमकी तीच आपल्या नजरेआड जातात.

2 ऑक्टोबर 1975 ला आपली अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून गृहभेट आपल्या कामात आहेच. पण त्या भेटीत आपण काय करतो? लस झाली का, पाकीट मिळालं का, सही कर. मुलाकडे बघून कोणी हसतसुद्धा नाही.

जमैकातला एक अभ्यास तुला ठाऊक असावा असं मला फार वाटतं. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली 129 खुरटलेली मुलं निवडली, 9 ते 24 महिन्यांची. काहींना दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. त्या सेविका कोणी तज्ज्ञ नव्हत्या, आपल्या सेविकांसारख्याच साध्या बायका, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या. खेळणी रिकाम्या बाटल्यांची, खोक्यांची. ही मुलं बाविशीत आली तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा इतका टिकाऊ परिणाम दिसला नाही.

यावरून आहार दुय्यम असं कोणी बैठकीत म्हणालं, तर तिथेच खोडून काढ. 1992 साली तुझ्याच जव्हारकडच्या वावर-वांगणीत मुलं गेली ती भुकेनं आणि आजारानं. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल, मूल खात नसेल किंवा पायावर सूज असेल, तर खेळ वगैरे बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दवाखान्यात हलव. आदिवासी भागासाठीच्या अमृत आहार योजनेतली अंडी मुलांच्याच तोंडी जातात ना, हेही स्वतः बघ. खेळ अन्नाच्या जागी नाही, अन्नाबरोबर.

आता घरी गेल्यावर करायचं काय? भाषण नको. 'मुलाशी बोलत जा' हे दमलेल्या बाईला सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा. ओट्यावर बसायचं, घरात असेल ते हातात घ्यायचं : वाटी, करवंटी, मक्याचं कणीस. करवंटीखाली लपवायचं, मुलाला शोधू द्यायचं. चिंचोके आणि मणी मात्र नकोत, घशात अडकतात. बोलणं त्यांच्या वारली किंवा कातकरी बोलीत व्हायला हवं, म्हणजे बोलणार सेविका, आणि तू गप्प. आई नसेल तर आजीला दाखवा, नाहीतर त्या बहिणीला. ती सगळ्यात लवकर शिकते. (ती शाळेत का नाही, हेही विचारून ठेव.)

सेविकेवर हे काम लादू नकोस. तिला पगार नाही, मानधन आहे. त्यात मोबाइल, सर्वेक्षणं, बैठका. दुपारच्या आहारानंतर दोन घरं एवढंच ठरव आणि त्या बदल्यात तिच्या एखाद्या जादा तक्त्याला तू नाही म्हण. मुख्यसेविकेला तेवढा अधिकार असतो, वापरत कोणी नाही. एखाद्या मुलाचं वजन तीन महिने ग्रॅमभरही हललेलं नसेल, तर सेविकेवर ओरडू नकोस. काटा बिघडलाय की कुटुंबच गावात नाही, ते आधी विचार.

कारण दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात, पोरं बरोबर, आणि नावं इथल्याच यादीत राहतात. भात कापणीच्या सुमारासच कोण कुठल्या भट्टीवर जाणार ते लिहून घे. तिथल्या मुख्यसेविकेचा फोन नंबर मिळव आणि याद्या तिला स्वतः कळव. पत्रव्यवहाराने हे काम होत नाही.

सवड काढून कोसबाडला जाऊन ये, तुझ्याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ बोर्डीपासून बरोबर होत्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. आपल्या योजनेच्या कितीतरी आधीचं हे. तिथली माणसं भेटली तर लहान बाळांच्या घरी जाण्याबद्दलच विचार. इमारतीचे फोटो कोणीही काढतं.

बीट, म्हणजे तुझ्याकडच्या सगळ्या अंगणवाड्या, एकदा पुरं फिरून झालं की लिही. त्यात टक्केवारी नको. पाच घरांतली पोरं कोणाकडे होती आणि कशाशी खेळत होती, तेवढं कळव.

तुझी,
ताई