रेडिंगमध्ये बिऱ्हाड करावं का? फोंड्याहून निघालेल्या एका कुटुंबाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही सगळं नीट मांडून विचारलंत, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येईल. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, वेर्ण्याच्या औषध कारखान्यात अकाउंट्स बघता. वहिनी दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत आहेत आणि त्यांना इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागात तीन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं आहे. मुलगी नऊ वर्षांची, मराठी माध्यमात चौथीत. मुलगा चार वर्षांचा. घरी तुमची आई. आणि विचारणं असं, की रेडिंग म्हणजे अर्धं गाव लंडनला पळणारं आणि अर्धं विद्यार्थ्यांचं. तिथे मुलाबाळांचा संसार होतो का, की सरळ लंडनमध्येच घर बघावं?

मी डिचोलीची. रेडिंगच्या दक्षिण-पूर्वेला लोअर अर्लीत राहते, मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकताहेत, नवरा लंडनला जाऊन-येऊन असतो. माझं मत: घर रेडिंगमध्येच करा, पण तुम्ही रोज लंडनला जायची नोकरी धरणार नसाल तरच. दोघांपैकी एक जण दुपारी तीन ते सहा या वेळात गावात असला पाहिजे. वहिनींचं काम गावातच आहे, म्हणून तुमचं जमण्यासारखं आहे. दोघंही लंडनला जाणारे असता तर मी तुम्हाला लंडनच्याच एखाद्या उपनगरात राहायला सांगितलं असतं.

तीन ते सहावर माझा एवढा भर का, ते सांगते. इथली प्राथमिक शाळा साधारण सव्वातीनला सुटते. लहान मुलाला न्यायला मोठं माणूस फाटकाशी उभं असावंच लागतं. शिक्षिका चेहरा बघितल्याशिवाय मूल सोडत नाही. फोंड्यात ही वेळ आई सांभाळतात. शेजारीपाजारी असतात, वाड्यावर कुणी ना कुणी मुलांकडे बघणारं असतं. इथे त्या तीन तासांना कुणी नाही. शाळेचा आफ्टर-स्कूल क्लब असतो, पण तो पैसे देऊन, बहुतेक ठिकाणी सहापर्यंत, आणि जागा आधीच भरलेल्या. आता लंडनहून साडेपाचला निघालेल्या माणसाचा हिशेब बघा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेडिंग जलद गाडीने २५ मिनिटांवर आहे, हे खरं. पण ऑफिस ते पॅडिंग्टन ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे, मग गाडी, मग रेडिंग स्टेशनहून घराकडे बस, असं धरलं की दारापासून दारापर्यंत सव्वा तास सहज जातो. सिग्नल बिघडला की तोही हिशेब कोसळतो. डिसेंबरात चार वाजायच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे बाबा येतात तेव्हा मुलांची रात्र झालेली असते. माझ्या नवऱ्याने सुरुवातीला आठवड्याचे पाचही दिवस जायची नोकरी केली आणि घरातलं सगळं माझ्या एकटीवर पडलं. आता तो आठवड्यातून दोन दिवस जातो आणि घराला घरपण आहे.

म्हणून तुमच्या नोकरीबद्दल आग्रहाने सांगते: लंडनच्या आधी रेडिंगमध्ये आणि आसपास शोधा. वहिनींच्या व्हिसावर तुम्ही डिपेंडंट म्हणून आलात की तुम्हाला काम करता येतं. रेडिंग हे रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, आणि माझ्या मते कुटुंबासाठी या गावाची हीच सगळ्यात मोठी जमेची बाजू. स्लाव, मेडनहेड, ब्रॅकनेल, न्यूबरी, बेसिंगस्टोक, ऑक्सफर्ड, सगळीकडे थेट गाड्या आहेत. गावातच ग्रीन पार्क आणि टेम्स व्हॅली पार्क अशा दोन मोठ्या ऑफिस-वसाहती आहेत, रॉयल बार्कशायर हॉस्पिटल आहे, विद्यापीठ स्वतः आहे. अकाउंट्सची माणसं सगळ्यांनाच लागतात. वहिनींचं काम तीन वर्षांचं आहे हेही विसरू नका. ते संपल्यावर पुढचं काम ऑक्सफर्डला किंवा लंडनला मिळालं, तरी मुलांची शाळा न बदलता जाता येईल.

लंडनचीच नोकरी मिळाली तर आठवड्यातले किती दिवस जायचं ते लेखी घ्या. रेल्वेचा वर्षाचा पास ५,००० पौंडांच्या वर जातो. दोन-तीन दिवस जाणाऱ्यांसाठी फ्लेक्सी पास आहे: २८ दिवसांत कुठलेही आठ दिवस. २०२२ च्या नोव्हेंबरपासून एलिझाबेथ लाइन ही लंडनची रेल्वे रेडिंगहून थेट मध्य लंडनात जाते. ती सगळीकडे थांबत जाते म्हणून वेळ जास्त, पण कॅनरी वॉर्फ या लंडनच्या पूर्वेकडच्या ऑफिसांच्या भागात काम असेल तर गाडी बदलावी लागत नाही.

आता घर कुठे. नवीन माणूस स्टेशनजवळ घर बघतो, नाहीतर विद्यापीठाला चिकटून. मी सांगेन, शाळेजवळ बघा. स्टेशन बसने गाठता येतं; इथल्या बसगाड्या नगरपालिकेच्या मालकीच्या कंपनीच्या आहेत आणि चांगल्या चालतात. पण पावसात चार वर्षांच्या मुलाला घेऊन रोज दोन वेळा चालायचं ते शाळेचं अंतर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, जी एजंट आपणहून सांगत नाही. पत्त्यावर रेडिंग लिहिलेलं असलं म्हणजे घर रेडिंग कौन्सिलमध्येच, म्हणजे रेडिंगच्या नगरपालिकेतच येतं असं नाही. अर्ली, लोअर अर्ली आणि वुडली हे भाग वोकिंगहॅम कौन्सिलमध्ये येतात. टाइलहर्स्टचा काही भाग वेस्ट बार्कशायरमध्ये. कौन्सिल बदलली की शाळाप्रवेशाचा अर्ज वेगळा, कौन्सिल टॅक्स वेगळा, कचऱ्याचे नियमही वेगळे. घराचा पोस्टकोड टाकून कौन्सिल कुठली ते बघा, आणि त्या कौन्सिलला विचारा की पाचवीच्या आणि रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात कुठे जागा आहे. हे घराचा करार करायच्या आधी.

विद्यापीठाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला, म्हणजे अर्ली रोड, वोकिंगहॅम रोडचा शहराकडचा भाग, सेमेटरी जंक्शन, इथल्या लाल विटांच्या जुन्या चाळवजा घरांत विद्यार्थी दाटीने राहतात. पोरं वाईट नाहीत. पण एका रांगेत चार घरं विद्यार्थ्यांची असली की रात्रीच्या गप्पा भिंतीतून ऐकू येतात, आणि जूनमध्ये ती घरं सोडतात तेव्हा फुटपाथवर गाद्या आणि खुर्च्यांचा ढीग. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुमच्या मुलांना गल्लीत सवंगडी मिळत नाहीत. शेजारी दरवर्षी बदलतात. मला हा भाग लहान मुलांच्या कुटुंबासाठी पटत नाही. विद्यापीठाच्या दक्षिण-पूर्वेला अर्ली आणि लोअर अर्ली इथे मात्र कुटुंबंच कुटुंबं आहेत, भारतीय भरपूर, आणि २१ नंबरची बस विद्यापीठातून जाते. वहिनी सायकलनेही जातील. टेम्सपलीकडचं कॅव्हरशॅम सुंदर आहे, पण गाड्यांना नदी ओलांडायला गावात दोनच पूल, त्यामुळे सकाळी रांगा लागतात. विद्यापीठाच्या माणसाला ते उलट पडतं.

विद्यापीठाचं गाव असण्याचा फायदा मला वाटला होता त्याहून जास्त झाला. व्हाइटनाइट्सचं आवार सगळ्यांना खुलं आहे, आत तळं आहे, रान आहे. कोल म्युझियममध्ये हत्तीचा अख्खा सांगाडा उभा आहे. रेडलँड्स रोडवर इंग्लंडच्या शेतीचं म्युझियम आहे, नांगर, बैलगाड्यांसारख्या गाड्या, टोपल्या. दोन्हीकडे प्रवेश फुकट. रविवारी पाऊस असला की आम्ही तिथेच. शिवाय शाळेत प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी असतातच की ज्यांचे आईवडील बाहेरच्या देशातून विद्यापीठात आलेले आहेत. आपलं मूल वर्गात एकटं परकं पडत नाही.

याचा संबंध तुमच्या मुलीशी आहे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी शाळेत तिचं कसं होईल, ही काळजी तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात ठळक दिसली. माझी थोरलीही डिचोलीच्या मराठी शाळेतून आली. इथे वय बघून वर्ग देतात, परीक्षा घेऊन मागे बसवत नाहीत. पहिल्या दिवशी तिच्या गळ्यात एका दोरीत चित्रांची लहान कार्डं घातली होती: पाणी, शौचालय, पोट दुखतंय, समजलं नाही. शब्द आला नाही तर कार्ड दाखवायचं. शेजारी एक पंजाबी मुलगी बसवली, जेवायला, खेळायला तिच्याबरोबर. कित्येक आठवडे पोरगी शाळेत तोंड उघडत नव्हती आणि मी घरी रडत होते. शिक्षिका सांगायची, ती ऐकतेय, थांबा. आणि तसंच झालं; नाताळच्या सुट्टीनंतर ती बोलायला लागली ती थांबेना. गणितात ती वर्गाच्या पुढेच होती, पाढ्यांमुळे. तुमच्या मुलीचं मराठी तोडू नका. घरी मराठी आणि कोकणी जशी चालते तशीच चालू द्या, इंग्रजी शाळा शिकवेल.

ऑगस्टअखेर ती नऊ वर्षांची असेल तर पाचवीत बसेल, आणि इथले लोक तुम्हाला लगेच ग्रामर स्कूलबद्दल सांगायला लागतील. रेडिंगमध्ये मुलींसाठी केंड्रिक आणि मुलांसाठी रेडिंग स्कूल अशा दोन सरकारी, फुकट, पण प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या शाळा आहेत. परीक्षा सहावीच्या सुरुवातीला, सप्टेंबरात असते. भाषेशी झगडणाऱ्या मुलीवर त्याच वर्षी शिकवणीचं ओझं टाकू नये असं मला मनापासून वाटतं. साध्या माध्यमिक शाळाही चांगल्या आहेत. त्यांचा अर्ज सहावीच्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत करायचा, तेवढी तारीख चुकवू नका.

धाकट्याची ऑगस्टअखेर चार वर्षं पूर्ण होत असतील तर सप्टेंबरात रिसेप्शन. त्याची मुदत १५ जानेवारीला संपते. उशिरा येणाऱ्यांना उरलेल्या जागा. रिसेप्शनपासून दुसरीपर्यंत एका शिक्षिकेमागे ३० मुलांची कायद्याने मर्यादा आहे, त्यामुळे बहिणीच्या शाळेत त्याला जागा नाही असं होऊ शकतं. दोन शाळा, दोन टोकांना, दोन्ही सव्वातीनला सुटणार, हे एकट्या माणसाला जमत नाही. दोघांना एकाच शाळेत जागा मिळत असेल तर ती शाळा थोडी कमी नावाजलेली असली तरी घ्या. रिसेप्शन ते दुसरीच्या मुलांना दुपारचं जेवण शाळेत फुकट मिळतं, शाकाहारीही असतं.

पैशाचं एकच सांगते, बाकी तुम्ही हिशेबातलेच आहात. व्हिसाबरोबर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार आधीच भरावा लागतो: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. चौघांचे तीन वर्षांचे १०,८६६ पौंड होतात. विद्यापीठ यातलं काही देतं का, हे वहिनींनी नेमणूक स्वीकारायच्या आधी विचारावं. आणि इथल्या ओळखीच्यांना मुलांसाठी जो सरकारी भत्ता मिळतो, तो तुमच्या व्हिसावर मिळणार नाही. तो धरून बजेट करू नका.

आईंचं लिहिणं मला जड जातंय, पण तुम्ही विचारलंत. त्यांना कायमचं आणणं जवळपास अशक्य आहे. पाहुण्या म्हणून एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. त्यांना एप्रिल-मेमध्ये आणा, दिवस मोठे असतात, बागेत बसता येतं. हीथ्रोहून रेडिंगला थेट बस आहे, त्यामुळे आल्या-आल्या दगदग नाही. व्हिटली स्ट्रीटवर हिंदू मंदिर आहे, तिथे त्यांच्या वयाच्या बायका भेटतील. पण त्या येऊन मुलांना सांभाळतील आणि तुम्ही दोघं कामाला जाल, असं गणित करू नका. व्हिसाच्या नियमातही ते बसत नाही आणि त्यांनाही परक्या गावात ते झेपायचं नाही.

चवथीला गोव्यात जायचं मनात असेल तर हेही ऐका. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, आणि चालू शाळेत मुलांना रजेवर नेलं तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे, २०२७ ची ४ सप्टेंबरला. दोन्ही वर्षी अडचण. २०२८ ची २३ ऑगस्टला, ती मात्र सुट्टीत. आम्ही गणपती इथेच आणतो आणि त्याच्या वर टांगायच्या माटोळीला मिळतील ती फळं बांधतो. सुपारीची शिपटी, कवंडळं इथे कुठून मिळणार. नारळ, केळी, भोपळा वोकिंगहॅम रोडच्या दुकानात मिळतात. स्विंडन गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि तिथे गोंयकार एवढे आहेत की सोलांपासून (कोकमापासून) सगळं मिळतं.

आता तुम्ही करायचं ते एवढंच. वहिनींनी रुजू होण्याची तारीख जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टात मागून घ्यावी, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आधी पत्ता हातात असेल. शक्य असेल तर त्यांनी दोन-तीन आठवडे आधी एकट्याने येऊन घर बघावं. मुलांची लसीकरणाची कार्डं आणि जन्मदाखले हातातल्या बॅगेत ठेवा. आणि घरांची यादी झाली की पोस्टकोड मला पाठवा. शाळेपर्यंतचा रस्ता चालून बघून मी कळवते.

देव बरें करूं.