वाड्यातले तीन बोर्ड आणि अर्थिंग

प्रश्न : वाईला आमचा जुना वाडा आहे. मीटरजवळ सागवानी फळीवर किटकॅट फ्यूजचा मूळ बोर्ड असून माडीवर एक आणि परसात मोटारीसाठी एक, असे दोन बोर्ड पुढे बसवले गेले. माडीवर अर्थिंगची तार गेलेली नसल्यामुळे वायरमनने तिथे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले. परसातल्या बोर्डाला मात्र अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा आहे. माडीवरच्या गीझरच्या नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. प्रत्येक बोर्डाला वेगळे अर्थिंग करावे काय?
– एक वाचक

उत्तर : खड्ड्यांकडे नंतर वळू. माडीवरचा गीझर आजपासून बंद ठेवावा आणि परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांना जोडणारी ती जोडतार काढून घ्यावी.

ही जेमतेम दोन इंचांची तार दिसायला निरुपद्रवी असली, तरी तिच्यामुळे गीझरचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडला गेला आहे. माडीवरचा सगळा प्रवाह त्याच न्यूट्रलमधून खाली परततो, आणि वाटेत एखादा सांधा सैल असेल तर तिथला व्होल्टेज नळापर्यंत पोहोचतो. झिणझिण्यांचे कारण बहुधा हेच असावे. याहून गंभीर शक्यता वेगळीच आहे. जुन्या बोर्डांत फेजबरोबर न्यूट्रललाही किटकॅट बसवण्याची पद्धत होती. आपल्या फळीवर चिनीमातीच्या किटकॅटची अशी जोडी असेल आणि त्यातला न्यूट्रलचा फ्यूज उडाला, तर माडीवर अंधार होऊन वीज गेल्यासारखे वाटेल. परंतु बटण चालू राहिलेल्या पंख्यातून फेज न्यूट्रलवर उतरेल, आणि तिथून जोडतारेमार्फत गीझर, फ्रिज अशा सगळ्यांच्या पत्र्यावर. म्हणून न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तिथे पक्की लिंक, म्हणजे न वितळणारी जोडपट्टी, बसवावी.

मुख्य बोर्डापासून माडीपर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा नव्याने न्याव्यात. 32 अँपिअरच्या एमसीबीसाठी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारे बटण) 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी आणि अर्थची हिरवी तारही तितक्याच जाडीची असावी. माडीवरच्या आणि परसातल्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी डब्यापासून अलग, तर अर्थची पट्टी डब्याला घट्ट जोडलेली असली पाहिजे. (जुन्या घरांत अर्थची तार लोखंडी नळाला बांधलेली आढळते, मधल्या काळात प्लंबरने प्लॅस्टिकचा पाइप टाकला असेल, तर ते अर्थिंग केव्हाच संपलेले असते.)

परसातला खड्डा बुजवू नये. दोन खड्डे असणे चांगलेच, मात्र ते जाड तारेने एकमेकांना जोडलेले हवेत. नाहीतर एका बोर्डावर बिघाड झाला असता दोन बोर्डांवरच्या उपकरणांच्या पत्र्यांत व्होल्टेजचा फरक पडतो, आणि दोहोंना एकदम हात लावणाऱ्याला धक्का बसतो. शिवाय नुसत्या खड्ड्यावर विसंबता येत नाही. खड्ड्याचा रोध 5 ओहम धरला, तरी 230 व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह जास्तीत जास्त 46 अँपिअर होतो, तर सी प्रकारच्या 16 अँपिअर एमसीबीला तत्क्षणी पडायला किमान 80 अँपिअर लागतात. तोवर पत्र्यात वीज राहतेच. म्हणून प्रत्येक बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे बाजारात जिला अजूनही ईएलसीबी म्हणतात ती, बसवावी; फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडताच ती वीज तोडते.

आरसीसीबी बसवल्यावर ती वारंवार पडू लागली, तर वायरमन 'ही कटकट काढून टाकू' असे सुचवण्याचा संभव आहे. तसे करू देऊ नये. जुन्या घरात खरा गुन्हेगार बहुतेक वेळा जिन्यातला दिवा असतो : त्याचा फेज माडीवरच्या बोर्डावरून आणि न्यूट्रल खालच्या बोर्डावरून घेतलेला असतो. ज्या बोर्डाचा फेज, त्याच बोर्डाचा न्यूट्रल, एवढी दुरुस्ती केली की आरसीसीबी शांत राहते.

काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून खड्ड्यांचा रोध मोजून घ्यावा, आणि तो एप्रिल-मे महिन्यांत, माती कोरडी असताना. वाईच्या पावसाळ्यात कोणताही खड्डा उत्तीर्ण होतो.